रिकामा खोका

फेरीबोटीतून उतरलो तेव्हा माझ्या पाठीवर
आणखी एक पाठ होती :
प्लास्टिकची, चोवीस मणक्यांची,
वर टांगायला पितळी हूक.

केयोन. साल्मनचा कारखाना. पहाटेचे पावणेसहा.
रबरी बूट, पांढऱ्या टोप्या, एकोणीस बायका
आणि पोर्तो मोंतहून आलेला सव्वीस वर्षांचा मी,
हातात प्रशिक्षणाचा खोका.
"वजन अंगाजवळ धरा. कंबर नको, गुडघे वाकवा.
वळायचं तर पाय वळवा, पाठ पिळू नका."

एदेल्मिरा नावेल्किन म्हणाली,
"त्यात बर्फ भरा की. रिकामा तर माझा नातूही उचलेल."
मी हसलो. पुढचं चित्र लावलं.

मग विचारलं, हाताला मुंग्या कुणाकुणाच्या येतात?
कुणाच्याच नाही.
खिडकीशी सुपरवायझर कॉफी ढवळत होता.
तो गेला, दार फसकन मिटलं,
आणि हात वर झाले,
बरेचसे खांद्यापर्यंतच.
त्याच्या वर ते जात नव्हते.

रोसाल्बा रात्री दोनला उठते,
हात झटकते ओल्या कपड्यासारखा.
नवऱ्याला वाटतं, झोपेतही मासे झटकतेय.
चिमट्याने मिनिटाला अडतीस काटे, अकरा वर्षं.
हातावर पोट असतं, ते मला ठाऊक होतं.
पोट तिथंच राहून हातच निघून जातो
तेव्हा काय, ते पुस्तिकेत नव्हतं.

पुस्तिकेत होतं : दर वीस मिनिटांनी दहा सेकंद थांबा.
"आम्ही थांबू," एदेल्मिरा म्हणाली,
"पट्ट्याला कोण शिकवणार?"

तोवर कुणीतरी खोका बर्फाने भरला होता.
बावीस किलो. सगळ्या बघत होत्या.
मी वाकलो.
"गुडघे! गुडघे, साहेब!" एकोणीस गळे एकदम,
पण चमक भरली ती भरलीच.

मला बाकावर आडवं केलं. एदेल्मिराने
गळ्यातली लोकरी पट्टी सोडून माझी कंबर कसली,
गाठ मारताना तिची बोटं दोनदा चुकली.

हजेरीवर सह्या झाल्या. रोसाल्बाने पेन
मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद. मी लिहिलं :
पट्टा हळू करा.
'हळू' कागदाबाहेर गेला.

परतीच्या बोटीत मला बसवेना.
माझ्या जागेवर प्लास्टिकची पाठ होती,
ताठ, समुद्राकडे तोंड करून.
लोकरीला मासळीचा वास येत होता.