उष्ट्याचं वजन

खोली बारा फूट बाय दहा. हवाबंद.
पलंग, व्यायामाची सायकल, सिंक, टीव्ही,
आणि भिंतीत दोन दारांचा एक कोनाडा.
बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडत नाही,
म्हणजे ॲबर्डीनची हवा आत जात नाही
आणि मिस्टर फार्करांचा श्वास बाहेर येत नाही.
त्या श्वासासाठीच तर सगळं चाललंय:
किती घेतला, किती सोडला,
त्यावरून काढायचं
की माणूस नुसता असण्यासाठी किती जळतो.

वय एकाहत्तर. चाळीस वर्षं
उत्तर समुद्रात मासेमारी, आता गुडघे.
बायको गेल्यापासून अकरा किलो उतरले.
डॉक्टरांच्या चिठ्ठीत, कारण आढळत नाही.
आमच्या घरी याला एक वाक्य पुरायचं,
खाल्लेलं अंगी लागत नाही.
त्याच वाक्यावर वैद्यकीय विद्यापीठाला
तीन वर्षांचं अनुदान मिळालंय.

सहाला ताट दिलं.
उकडलेला हॅडॉक एकशे चाळीस ग्रॅम,
बटाटा दोनशे दहा, मटार, लोणी सात.
ताट चाटून पुसून संपवावे, अशी सूचना आहे,
नाहीतर हिशोब चुकतो.
पावणेसातला कोनाड्यात ताट परत:
तीन मटार,
आणि माशाचा एक तुकडा, कडेला नीट सारलेला.

हातमोजे घालते. काटा शून्यावर आणते.
एकोणीस पूर्णांक चार.
आईने परक्याच्या उष्ट्याला
बोट लावू दिलं नसतं,
आणि मी ते दशांशापर्यंत मोजते,
त्याचा पगार घेते, व्हिसाही त्यावरच आहे.

इंटरकॉमवर विचारलं, मासा आवडला नाही का?
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, तो एल्स्पेथचा.
शेवटचा घास ती माझ्या ताटातून उचलायची.
न विचारता. बेचाळीस वर्षं.
आणि जरा हसल्यासारखं:
तुमच्या फॉर्मात घालू नका हे.

फॉर्मात रकाना आहे. शिल्लक अन्नाचं कारण:
एक, चव. दोन, पोट भरलं. तीन, मळमळ. चार, इतर.
चारपुढे जागा दोन इंच.
मी पेन टेकवून बसले.
मराठीत शब्द होता, वाटा.
खिडकीबाहेर समुद्राचं धुकं चढत चढत
पार्किंगमधल्या दिव्यांपर्यंत आलेलं.
रकाना तसाच ठेवला.

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
झोपेच्या सपाट रेघेला दाते फुटले.
काचेतून पाहिलं. उठून बसलेले,
छातीवर पंजा.
उचकी.

पाणीसुद्धा मोजूनच द्यावं लागतं.
शंभर मिली दिलं. थांबेना.
मी बटण दाबलं. सोडलं.
यात शास्त्र नाही, आणि आवाज सगळा नोंदला जातो.
परत दाबलं.
म्हटलं, आमच्याकडे म्हणतात कोणीतरी आठवण काढतंय.
एकेक नाव घ्यायचं. बरोबर नाव आलं की थांबते.

ते गप्प. उचकी. मग, ॲलिक. भाऊ.
उचकी.
कॅलगरीतली मुलगी, रोना.
उचकी.
पीटरहेडच्या बंदरावरचा कोणी टॅम, त्याचे पैसे देणं आहे.
बोटीचं नाव घेतलं. बोटीवरच्या कुत्र्याचंसुद्धा.
एक नाव घेतलं नाही.
मी वाट पाहिली, सुचवलं नाही.
त्यांना ती थांबायला नको होती, बहुतेक.

बावीस मिनिटं.

सकाळी डॉ. आयोना ग्लेनी ओला कोट न काढताच
स्क्रीनपुढे वाकल्या. हे काय मधलं?
दोष आहे, कापून टाक.
म्हटलं, राहू दे ना.
तेवढंही जळलंय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे.
आणि हा चौथा रकाना, म्हणाल्या,
रिकामा का?