बेलापूर, तिसरा मजला

रविवारी आमच्या ऑफिसात शूटिंग होतं.
परवानगीचं पाकीट माझ्याच खणातून वर गेलेलं,
माझा वाटा वजा होऊन.

त्यांनी पाट्या हिंदीत केल्या.
माझ्या टेबलावर धूळ कमी पडली म्हणून
पुडीतून आणून शिंपडली.
मग हिरो बसला माझ्या खुर्चीत,
पाठीमागच्या उशीसकट.

नोटांचं बंडल आलं: वर एक खरी, खाली एक खरी,
मधे कोरे कागद.
हिरोनं ते खिडकीबाहेर भिरकावलं.
सात वेळा.
दर वेळी खालून एक पोरगा धापा टाकत वर आणून द्यायचा.
आम्ही स्टाफ दारात उभे, टाळ्या वाजवायला.
खोटं कशाला सांगू,
पाचव्या वेळी माझा गळा दाटून आला.

मग गरिबाची फाइल हवी होती.
कुणीतरी कपाटातून हाताला लागली ती ओढली,
सुतळीची, कडा कुरतडलेली, कॅमेऱ्याला शोभेलशी.
हिरो म्हणाला, आज, अभी,
आणि झोकात सही ठोकली.

संध्याकाळी दिवे उतरले.
हिराजी मढवी, दिवाळे गावचा, आमचा शिपाई,
कागदी कप गोळा करता करता टेबलापाशी थांबला.
फाइल त्याच्याच बापाची.
साडेबारा टक्क्यांची. अठरा वर्षं
दुसऱ्या कप्प्यात.

सहीला बोट न लावता त्यानं विचारलं,
"साहेब, ही चालंल का?"

मी खणातून व्हाइटनर काढला.
वाळेपर्यंत
त्यानंच वाकून फुंकर घातली.