शिल्लक चिठ्ठ्या

कोर्टहाउसची शेगडी पेटवणं, पिकदाण्या घासणं
आणि चार वर्षांतून एकदा मतपेटीवरची धूळ झटकणं :
ओझायस गिलयार्ड, माझा बाप, याचसाठी पगारी होता.
स्वतःचं नाव नोंदवायला गेला होता एकदा.
राज्यघटनेचं कलम वाच, म्हणाले. वाचलं, कुठंही न अडखळता.
अर्थ सांग, म्हणाले. सांगितला.
हा नव्हे, म्हणाले.

आमच्या दक्षिण कॅरोलायनात तेव्हा
निकाल आधी लागायचा, मतदान मागाहून व्हायचं.
टेबलावर दोन गठ्ठे, ज्या त्या पक्षाच्या छापील चिठ्ठ्या.
एक दुपारपर्यंत संपत यायचा.
दुसऱ्याची सुतळीसुद्धा सुटायची नाही;
फक्त पोस्टमास्तर टिंडल, ज्याची नोकरी वॉशिंग्टनच्या मर्जीवर,
वरची एक चिठ्ठी ओढून काढायचा.
सगळे हसायचे. तोही हसायचा.
दोनशे अकराला एक.
कारकून क्रॉसलँड सकाळीच आकडा पेन्सिलीनं लिहून ठेवी,
संध्याकाळी त्यावर शाई फिरवी.

चोवीस साली पेटीतून दोन निघाल्या.

दिवा जवळ घेतला. पुन्हा मोजलं.
टिंडलनं बायबलवर हात ठेवला, माझी एकच.
मग एकेक नाव, एकेक शेत,
कोण कुणाशी कधी बिनसला, कुणाची सून उत्तरेकडची,
रात्री अकरापर्यंत.
बाप कोपऱ्यात राख भरत होता.
दुपारी त्यानं पाहिलं होतं :
क्रॉसलँडबाईंनी हातमोजा काढला
आणि परत चढवला तेव्हा तो थोडा फुगलेला होता.
"ओझायस, तू दिवसभर इथंच. कोण होतं?"
"झाडताना खाली बघावं लागतं, साहेब."

शेवटी दुसरी चिठ्ठी शेगडीत गेली.
दोनशे अकराला एक. शाई वाळली.

हे त्यानं सांगितलं ते बाई वारल्यावर, एकवीस वर्षांनी,
आणि तेव्हाही उठून आधी दार लावून घेतलं.

उरलेला गठ्ठा तो घरी आणायचा. मागची बाजू कोरी.
तिच्यावर मी माझं नाव लिहायला शिकले,
बाराचा पाढा उमेदवारांच्या पाठीवर पाठ केला.

पुढं बोस्टनला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी,
पडदा ओढून हातात मतपत्रिका घेतली
आणि सवयीनं
पहिल्यांदा ती उलटून पाहिली.