एका क्रियापदासाठी

मूळ शब्द लांबलचक आहे: पोलितेउएस्थे.
कोश म्हणतो, 'नागरिकासारखे वागा'.
मी खोडलं. नागरिक म्हटलं की मला
रेशनकार्डाची झेरॉक्स दिसते,
तलाठ्याच्या दारातली रांग.
ग्रीकांनी आपलं शहर उचललं
आणि त्याचं क्रियापद केलं. करायची गोष्ट.
पत्राच्या त्या ओळीसाठी तसंच काही मराठीत
फेलिक्स पाद्रींना रविवारच्या आत हवं होतं.

त्या एका शब्दापायी
कर्लीच्या खाडीकाठी मी खोली घेऊन राहिलो.
गावकी, गावपण, गावभर...
सगळी नामं, नाहीतर विशेषणं.
एकही उठून चालेना.

अमावास्येच्या उधाणाला उघाडीची फळी सुटली.
भात पोटरीत, आणि खारं पाणी बांधाच्या आत.
शेवंती बॅटरी घेऊन दारोदार ओरडत होती:
"जो गावतलो तेका घेवन येवा!"
बांधाआड तिचा स्वतःचा गुंठाही नाही.
शाबान होडेकर होडीतून चिखलाची पोती आणत होता,
नव्या लग्नाचा मुलगा लुंगी खोचून छातीभर पाण्यात.
ज्याचं भात सगळ्यात जास्त, त्याच्या माडीवर अंधार.
(त्यालाही ग्रीकात शब्द आहे: स्वतःपुरता माणूस.
पुढे त्याचाच अर्थ मूर्ख झाला.)

मी पडवीत उभा. हातात कोश,
बोट अजून त्याच पानात.
बॅटरीचा झोत तोंडावर आला.
"हयसर एक गावलो!"

आणि मी गावलो.
बांगडा गावतो तसा,
हरवलेलं वासरू गावतं तसा.
पहाटेपर्यंत पोती दिली, पोती घेतली.
कोणी नाव विचारलं नाही.
ओहोटी लागली तेव्हा शेवंतीने माणसं मोजली,
आणि मोजणीत मी होतो.

व्युत्पत्तीने हे चूक आहे, मला ठाऊक आहे.
गाव आणि गावणं यांचं नातं
कोणी पंडित लावून देणार नाही.
फेलिक्स पाद्री चष्मा काढून म्हणाले,
"गावणे म्हणजे सापडणे, मास्तर. शास्त्रात कसं बसवू?"
छापलं गेलं ते
'नागरिकास शोभेसे वागा'.

माझ्या प्रतीत, समासात, पेन्सिलीने:
गावत राहा.
शेजारी चिखलाचा एक अंगठा.
माझ्या अंगठ्याहून मोठा आहे.