मागच्या काचेवर रेवती

एक लाख पाच हजार, म्हणाला सेलूचा दलाल.
मी पंच्याऐंशी म्हणाले आणि गप्प बसले.
बांगड्या विकणाऱ्या बाईला
गप्प कधी बसायचं ते कळतं.
नव्वदला तुटलं.
साठ भिशीचे, बाकीचे पाटल्यांचे.

दोन हजार नऊची इंडिका, डिझेल,
रंग पांढरा म्हणायचा.
पुढच्या वर्षी पुन्हा पासिंग, म्हणून तर स्वस्त.
वाजिद मिस्त्रीनं ऑइलचं झाकण काढलं,
चालू इंजनावर तळहात धरला,
नाडी बघावी तसा वेळ घेतला.
"इंजन बोलतंय ताई,
बॉडी मात्र ऐकत नाही कुणाचं."
मीटर बहात्तर हजारावर कधीचं थांबलेलं.
क्लचचं पॅडल इतकं झिजलेलं
की त्यात कुणाचा तरी अंगठा दिसत होता.

मागच्या काचेवर रेडियमची अक्षरं: रेवती.
"ब्लेडनं काढून देतो, पाच मिनटं."
मी म्हटलं, काच ओरखडेल.
मग म्हटलं, ऊन लागायलंय, चला.

शिकले जिनिंगमागच्या मैदानात, त्रेचाळीसाव्या वर्षी.
भाचा शेजारी, हँडब्रेकला लोंबकळलेला.
एकदा सरकीच्या ढिगात घुसले.
मऊ लागलं.
हमाल चहा सोडून हसले.

आता सोमवारी बोरी, बुधवारी चारठाणा, शनिवारी वालूर.
आधी हेच सगळं एसटीत, मांडीवर, पायांत,
कंडक्टरशी वाद घालत.
मागची सीट काढून टाकली.
तिथं खोके: सव्वादोन, अडीच,
पाटलीणबाईंसाठी पावणेतीन.
मी आरशापेक्षा कानानं चालवते.
खड्डा आला की आधी किणकिण,
मग कधी एखादा कोरडा टिच्च.
तो टिच्च हिशेबात धरते,
डिझेलच्या खाली, चहाच्या वर.

लिटरला अठरा पडतं.
एसी मेलेला आहे, म्हणून पडतं.
मे महिन्यात स्टेअरिंगला ओला टॉवेल,
दोन गावांत तो वाळतो.

बाजारातल्या बाया काच वाचतात.
"रेवतीची माय आली गं, हिरव्या दाखीव."
पहिल्यांदा मी सांगणार होते.
पण समोर हात पुढं आलेला, फुगीर, कामाचा,
बांगडी अर्ध्यावर चढलेली.
अशा वेळी बोलत नाहीत.

परवा पाथरीच्या फाट्यावर
एकानं हात करून गाडी थांबवली.
स्कूटरला दुधाच्या किटल्या.
"गाडी वळखली. मास्तर कुठं हायत?
कडब्याचे साडेतीन हजार राहिलेत माझे."
मी म्हणाले, विकली त्यांनी. मी ओळखत नाही.
तो मागं गेला.
'रे' अर्धा उडालाय, त्यावर बोट फिरवलं.
"अन् पोरगी? बारकी होती,
पुढच्या सीटवर उभी राहायची."

बरी आहे, म्हणाले मी.
शिकते. नांदेडला.

कुठून आलं नांदेड, कुणास ठाऊक.
तो मान हलवत राहिला,
किटलीचं झाकण उगाच दाबलं.
"मंग जाऊ द्या कडब्याचं."

घर येईस्तोवर मी तिसऱ्या गिअरमध्येच होते.
भाच्याला सांगितलं नाही.
वाजिदला सांगितलं. तो पाना पुसत म्हणाला,
"हीटर प्लग बदलावे लागतील, चारमधले दोन गेलेत."

आज थंडी आहे. पावणेपाच.
चावी अर्धी फिरवायची आणि थांबायचं,
डॅशबोर्डवर पिवळा दिवा, वेटोळ्यासारखा.
घाई केली तर नुसता धूर.
बारापर्यंत मोजते.
खोके मागं गप्प आहेत.
मघाशी काचेला पाणी मारताना
फडकं त्या अर्ध्या अक्षरावर
जरा हळू फिरवलं, एवढंच.
नऊ. दहा.
शेजारच्या कोंबड्याला आधी जाग आली.
दिवा विझला.