कुंपणाबाहेरचा कोंब

ब्रॅमिंगथॉर्प गावाबाहेर, नॉरफोकमध्ये,
दुहेरी तारेच्या कुंपणात माझे बटाटे आहेत.
माझे म्हणजे संस्थेचे. मी फक्त मोजते.
कोणत्या पानावर किती डाग,
टक्क्यांत, पेन्सिलने, भुरभुरत्या पावसात.
आई फोनवर म्हणते,
एवढी शिकलीस, आणि तिकडे जाऊन बटाटेच मोजतेस?

डोंगरातल्या एका रानटी बटाट्याला करपा लागत नाही.
त्याचा तेवढाच एक गुण काढून
आम्ही या गोऱ्या गुबगुबीत बटाट्यात घातला.
गावच्या सभेत मी म्हणाले, लांबचा आतेभाऊच तो,
परका नव्हे.
मागच्या रांगेतून मेव्हिस लारवुड उठल्या,
सत्त्याहत्तर वर्षांच्या,
चिखलाचे बूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांवर आलेल्या.
"आतेभावाला आमंत्रण कुणी दिलं, पोरी?
आणि त्याच्या मुक्कामाचं भाडं कुणाच्या खिशात जातं?"
सगळे हसले. मीही हसले.
पेटंटचा कागद कुणाच्या कपाटात आहे
हे मला खरंच माहीत नव्हतं.
एका तरुण बापाने विचारलं,
तुझ्या मुलांना घालशील खायला?
मला मुलं नाहीत, म्हणाले.
ते उत्तर नव्हतं.
खरं हे, की मी स्वतःच कधी चाखलेला नाही.
परवानगीच नाही.

ऑगस्टमध्ये आठ दिवस ढग हलले नाहीत.
शेजारच्या वाफ्यातली साधी झाडं काळी पडली
आणि वास सुटला, कुबट फडक्याचा, नासक्या मासळीचा,
एकदा नाकात बसला की जन्मात न विसरणारा.
आतेभावाची पानं तशीच हिरवी.
मी वहीत शून्य, शून्य, शून्य लिहीत गेले
आणि मला आनंद झाला. लपवणार नाही.

त्याच संध्याकाळी मेव्हिस कुंपणाशी.
हातात एक पान. "हेच ना?"
हेच.
त्यांच्या वडिलांनी युद्धाच्या वर्षी लावलेलं वाण,
दर वसंतात अंड्यांच्या खोक्यांत मांडून, खिडकीत ठेवून,
कोंब आणून जपलेलं.
बोलावणं न आलेल्या लग्नघराची रोषणाई बघावी
तशा माझ्या पाठीमागच्या हिरव्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "तरीही नको."
माहीत आहे, म्हणाले मी.
दोघी थोडा वेळ तिथेच. तारेतून वारा.

सप्टेंबरात काढणी. चार टन.
वाफेवर शिजवायचे आणि खड्ड्यात लोटायचे,
एकही बाहेर जाता कामा नये.
उकडलेल्या बटाट्याचा वास शेतभर
आणि आम्ही पाचजण गाडीच्या आडोशाला
कोरडे सँडविच चावत.
ताटातलं शेवटचं शीतही बोटाने टिपणाऱ्या घरातली मी.
फावडं मीच मारलं.
त्या आठवड्यात माझ्या दाराशी कागदी पिशवी:
मेव्हिसच्या वाचलेल्यांतले अकरा. चिठ्ठी नाही.
मोहरी, हळद, हिरवी मिरची.
बियाण्याला किती उरले असतील,
हे मला शेवटचा घास गिळल्यावर सुचलं.

एप्रिलअखेर चुकार कोंब हुडकत फिरावं लागतं,
सापडला की उपटायचा, नोंद करायची.
कुंपणापासून पाच पावलांवर, त्यांच्या परसाच्या कडेला,
काट्याच्या झुडपाखाली एक दिसला.
काळपट हिरवा, गुटगुटीत, चार पानांचा.
आमचा, उंदराने पळवलेला?
की त्यांचा, काढताना हातून सुटलेला?
शितावरून भात कळतो म्हणतात.
पानावरून घर कळत नाही.

गुडघे टेकून एक पान खुडलं, पिशवीत घातलं.
तारीख लिहिली. वेळ लिहिली.
'कोणाचा' या रकान्यावर पेन्सिल टेकवली
तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली
आणि दोन्ही हातांत अंड्यांचं खोकं सांभाळत
मेव्हिस अंगणात उतरल्या.