न तापवलेली हलगी

किल्ल्या माझ्याकडे असतात, म्हणून मी होतो.
सेलूच्या शाळेचं सभागृह, पौषातला शनिवार,
खुर्च्या साठ, माणसं सतरा,
त्यातली चार नुसती वाऱ्याच्या आडोशाला आलेली.

फळ्यावर खडूनं लिहिलेलं :
पारा पाच. एकल तालवाद्यासाठी रचना.
वादन : करुणा गायसमुद्रे.
एकानं मला विचारलं, पारा का पाढा?

सतरंजीवर तुरीच्या वाळल्या शेंगांचा झुबका,
दुधनेतले दोन काळे गोटे,
एक पालथं घमेलं,
आणि हलगी, तिच्या आजोबांची.

आधी शेंगा. इतक्या हळू
की मला वाटलं, उंदीर शिरला माळ्यावर.
मग गोट्यावर गोटा, एकदाच.
मग इतका वेळ काहीच नाही
की पहिल्या रांगेतले तबल्याचे मास्तर
बोटांच्या पेरांवर मात्रा मोजता मोजता
अकराव्याला अडकले,
अंगठा तिथंच.

दव पडताना कधी ऐकलंय?
मी नव्हतं ऐकलं. हरभऱ्यातून पहाटे
पोटऱ्या आंबेपर्यंत चाललोय,
पण त्याला आवाज असतो हे ध्यानात नव्हतं.
ती घमेल्याच्या काठावरून नख ओढत गेली
आणि मी बसल्याजागी
पायजमा वर खोचला.

मग तिनं हलगी घेतली.
दाराशी बसलेले तिचे चुलते, मरिबाकाका, उठले.
एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात मूठभर कडबा.
"तापव की गं. गार कातडं बोलत नसतंय."
खरंच आहे. लग्नात, मयतीत, पोळ्याला
त्यांनी आधी जाळ केला,
मगच हात चालवला.
ती म्हणाली, "आज गारठाच वाजवायलेय, काका."

भद्द.
ओल्या रानात ढेकूळ पडावं तसं.
भद्द.
भद्द.
मागून कुणी तरी हसलं.
काका खाली बसले. मान खाली.
काडेपेटी कानाशी नेऊन हलवली,
उगीच, किती काड्या उरल्यात बघावं तशी.

ती थांबली.
काकाही थांबले, चोरी सापडल्यासारखे.
ती थांबूनच राहिली.
बाहेर दहाची लाइट आली असावी, शिवारात
एकामागून एक मोटारी घुमायला लागल्या.
काकांनी परत हलवली काडेपेटी,
आणि तिनं त्या खुळखुळीच्या मागं
हळूच शेंगा लावल्या.

फळ्यावर एकल लिहिलं होतं.
मी पुसायला उठलो नाही.

शेवटी तिनं हलगी शालीखाली पोटाशी धरली,
अंड्यावर बसावं तशी,
बराच वेळ.
मग एका बोटानं वाजवली.
भद्द नाही, टणक नाही.
कसा होता तो आवाज, मला विचारू नका,
मास्तरांना विचारा, ते अजून अकरावर आहेत.

सगळे गेल्यावर मी दार ओढलं.
कुलूप बर्फासारखं. चावी फिरेना,
मग फिरली, दोनदा वाजली.
पायरीवर उभी होती ती, काकांच्या मागं,
हात काखेत घालून.
म्हणाली, "मामा,
परत एकदा लावा की."